घरातला कचरा कमी करणाऱ्या रोजच्या सवयी: तुमच्याकडे काय टिकलं?

कवडसा

घरातल्या कचऱ्याबद्दल बोलताना आपण बहुधा डब्यापासून सुरुवात करतो. ओल्याचा डबा कुठला, सुक्याचा कुठला, उचलणार कोण आणि कधी. माझं मत असं की सुरुवात घराच्या दारापासून व्हायला हवी. एखादी वस्तू घरात आली की तिच्यातला किती भाग कचरा होणार हे बहुतेक वेळा त्याच क्षणी ठरलेलं असतं. तिचं वेष्टण, तिची झाकणं, ती बिघडली तर उघडता येते की नाही, हे सगळं ती दुकानात असतानाच पक्कं झालेलं असतं. आपण नंतर फक्त ते कुठे ठेवायचं एवढं ठरवतो.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ साली जगभरातल्या शहरागावांत मिळून सुमारे २०१ कोटी टन घनकचरा तयार झाला. माणशी रोजचा सरासरी ०.७४ किलो. असंच चालू राहिलं तर २०५० पर्यंत हा आकडा ३४० कोटी टनांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. एवढे मोठे आकडे वाचून हातपाय गळतात, म्हणून मी ते बाजूला ठेवून फक्त स्वतःच्या डब्याकडे बघायला लागलो.

माझी पहिली शिफारस अगदी साधी आहे. एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त बघा. ओट्याजवळ एक कागद चिकटवा आणि डब्यात काय जातंय ते ओळीओळीने लिहा. वजन नको, मोजदाद नको. आठवडा संपला की तीच तीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात: दुधाच्या पिशव्या, भाजीचे देठ, नासलेलं उरलंसुरलं अन्न, खोकी, पाकिटं, कागदी रुमाल. त्यातली सगळ्यात वर असलेली एकच गोष्ट निवडा आणि तिच्यावर काम करा. सगळं एकदम करायला गेलेली घरं महिन्याभरात थकतात, हे मी जवळून पाहिलंय.

आमच्याकडे टिकलेल्या सवयी: बाहेर पडतानाच्या पिशवीत कायम एक घडीची कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली. खरेदीला जाण्याआधी फ्रीज आणि फडताळ उघडून बघणं, मगच यादी. फुकट मिळणारी वस्तू "नको, धन्यवाद" म्हणून परत करणं (हे सगळ्यात अवघड जातं, कारण फुकटची वस्तू नाकारताना समोरच्याचा अपमान होतोय असं वाटतं). आणि काही नवीन घ्यावंसं वाटलं तर ते यादीत लिहून काही दिवस थांबणं. निम्म्या गोष्टींची गरज तेवढ्यात आपोआप सरते.

तुमच्याकडे काय टिकलं, काय सुटलं, जरूर लिहा. विशेषतः जे खूप काळ चाललंय ते.

सांजवारा

चांगला धागा. "आधी फक्त बघा" याला माझं पूर्ण अनुमोदन. आमच्या यादीत सगळ्यात वर अन्न आलं, आणि माझा अंदाज आहे की बहुतेक घरांत तेच येईल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. म्हणजे हॉटेलं आणि दुकानं यांच्या बेरजेपेक्षा आपली स्वयंपाकघरं पुढे आहेत.

आम्ही जे करतो ते तपशिलात लिहिते, कारण इथे बारीकसारीक गोष्टींनीच फरक पडतो.

फ्रीजचा डोळ्यांसमोर येणारा कप्पा "आधी हे संपवा" म्हणून राखून ठेवलाय. उरलेलं अन्न, अर्धी कापलेली फळं, मऊ पडायला लागलेल्या भाज्या, सगळं तिथे. घरातल्या कुणालाही भूक लागली की पहिली नजर तिथेच जाते. मागच्या कोपऱ्यात गेलेलं अन्न म्हणजे फेकून दिलेलंच समजायचं. उरलेलं ठेवतो ते पारदर्शक डब्यात, आणि डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर तारीख. "हे कधीचं आहे?" हा प्रश्न पडला की माणूस भीतीने फेकतो. तारीख असली की तो प्रश्नच उरत नाही.

फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न तासन्‌तास ओट्यावर ठेवण्यापेक्षा पसरट भांड्यात लवकर निववून आत ठेवावं. पालेभाज्या धुऊन ओल्या ठेवू नयेत. निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर त्या कितीतरी जास्त टिकतात. केळी, सफरचंद, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. त्यांना वेगळी जागा द्या. कांदे आणि बटाटेही एकाच टोपलीत नकोत.

आणखी एक. पाकिटावरच्या सगळ्या तारखांचा अर्थ एक नसतो. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि पोत उत्तम राहील. त्यानंतर तो पदार्थ लगेच विषारी होत नाही. "यूज बाय" ही मात्र सुरक्षिततेची तारीख, ती पाळायलाच हवी. कोरडं धान्य, डाळी, पीठ यांच्या बाबतीत डोळे आणि नाक वापरून ठरवता येतं. मांस, मासे, दूध यांच्या बाबतीत तसं धाडस करू नये, कारण घातक जिवाणूंचा वास येतोच असं नाही.

निर्झर

सगळं पटतंय, पण एक गोष्ट मनात खुपते ती लिहितो. आपण डबे धुतो, पिशव्या घड्या घालून ठेवतो, आणि तिकडे कारखान्यांतून टनावारी प्लास्टिक बाहेर पडतच असतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात हिशोब मांडला होता: २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्या कचऱ्यापैकी पुनर्वापरासाठी गेलं फक्त ९ टक्के. १२ टक्के जाळलं, बाकी ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्या निसर्गात. हे वाचल्यावर घरातल्या सवयींना अर्थ किती, असं मला खरंच विचारावंसं वाटतं. उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे कायदे झाल्याशिवाय यात काय होणार?

कवडसा

निर्झर, प्रश्न योग्य आहे आणि कायद्यांबद्दल माझं दुमत नाही. वेष्टणाची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर हवीच. पण तुमच्याच आकड्यातून मला वेगळं दिसतं. पुनर्वापर ९ टक्केच होत असेल तर "टाकलं तरी काय, पुढे त्याचं काहीतरी होईल" या भरवशावर वस्तू घरात आणणं थांबवायला हवं. आणि ते थांबवणं आपल्याच हातात आहे.

दुसरं म्हणजे ओला कचरा. त्यात कुठल्याही कंपनीचा हात नाही, तो पूर्णपणे आपला. कचराभूमीत तो हवेविना दबून कुजतो आणि मिथेन तयार होतो. १०० वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता अडवतो, २० वर्षांच्या हिशोबाने ८० पटींच्या आसपास. तोच कचरा हवेशीर जागी कुजला तर मिथेन जवळपास होत नाही आणि हातात खत येतं. घरातली एक कृती, आणि तिचा परिणाम थेट. शिवाय ओलं बाजूला काढलं की सुका कचरा कोरडा, स्वच्छ राहतो, त्याला कुणीतरी घेणारं मिळतं. म्हणून मला कुणी एकच सवय विचारली तर मी ओलं-सुकं वेगळं करणं हीच सांगेन.

मृद्गंध

ओल्या कचऱ्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते. खत करणं हे माझं अतिशय आवडतं काम आहे आणि लोक ते वासाच्या भीतीने सोडून देतात याचं फार वाईट वाटतं. वास येतो तेव्हा त्याला कारण असतं, आणि कारण कळलं की उपाय त्याच दिवशी करता येतो.

कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बही (कार्बन) लागतो आणि नत्रही (नायट्रोजन). वजनाने कर्ब साधारण २५ ते ३० भाग आणि नत्र १ भाग असलं की काम उत्तम चालतं. स्वयंपाकघरातली सालं, देठ, चहाचा चोथा यांत नत्र जास्त. वाळका पालापाचोळा, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा चुरा यांत कर्ब जास्त. रोज प्रमाण मोजत बसायला नको. एक भांडं ओला कचरा टाकला की त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त कोरडा माल पसरायचा, हा नियम पुरतो. वरचा थर कायम कोरडाच दिसला पाहिजे. चिलटांचा बंदोबस्तही यातच होतो.

आता वास. अमोनियासारखा, नाकात झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झालं, कोरडा माल वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, पाणी साचलंय. ढवळा, खालची भोकं बुजली आहेत का बघा, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा. ओलावा तपासायचा तर मूठभर मिश्रण दाबून बघावं: बोटांत एखादा थेंब दिसला तर ठीक, धार लागली तर फार ओलं, काहीच दमटपणा नसेल तर पाण्याचा हबका मारावा.

मोठ्या ढिगाचं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं आणि त्यात तणांचं बी, रोगजंतू मरतात. घरातला छोटा डबा एवढा तापत नाही, त्यामुळे बी उगवतात. त्यात बिघडलं काही नाही, तो भोपळ्याचा वेल आला तर येऊ द्यावा. पण रोगट झाडांचे अवशेष छोट्या डब्यात टाकू नयेत. मांस, हाडं, दुधाचे पदार्थ, तेलकट अन्नही नको. त्यांनी उंदीर आणि माश्या येतात. तुकडे जितके बारीक तितकं लवकर कुजतं. साधारण दोनतीन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार होतं. मूळ वस्तू ओळखू येत असतील तर अजून वेळ आहे असं समजावं.

हिरवळ

मृद्गंध ताई, वाचनखूण साठवली! पण आमचं घर दोन खोल्यांचं, गॅलरी नाही, माती नाही. अशा घरांनी काय करावं?

मृद्गंध

हिरवळ, दोन वाटा आहेत. एक गांडुळांचा डबा. तो घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात राहतो आणि नीट चालला तर त्याला वास येत नाही. त्यासाठी बागेतली कुठलीही गांडुळं चालत नाहीत. आयसेनिया फेटिडा ही लालसर जात लागते, कारण ती मातीच्या खोल थरांत न जाता कुजत्या मालातच राहते. १५ ते २५ अंश तापमान तिला मानवतं. लिंबूवर्गीय सालं आणि कांदा तिला फार देऊ नये.

दुसरी वाट म्हणजे बोकाशी, मूळ जपानची पद्धत. हवाबंद डब्यात ओला कचरा थराथराने दाबायचा आणि प्रत्येक थरावर जिवाणू मुरवलेला कोंडा भुरभुरवायचा. यात कचरा कुजत नाही, आंबतो. आंबट वास येतो, सडका नाही. खालच्या तोटीतून पाणी काढत राहायचं. डबा भरल्यावर दोन आठवडे बंद ठेवला की माल तयार, पण तो नंतर मातीत पुरावा लागतो, म्हणून कुठेतरी मातीची सोय हवीच. शिजवलेलं अन्नसुद्धा चालतं हा याचा मोठा फायदा.

दोन्ही जमत नसेल तर जवळपास कुणी बाग करणारं आहे का विचारा. आमच्या डब्यात दोन शेजाऱ्यांची सालं येतात आणि मला ती हवीच असतात.

रानवाट

मी सुका कचरा वर्गीकरणाच्या कामात आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून थोडं लिहितो. लोक मनापासून वेगळं करतात, पण "हेही रिसायकल होत असेल" या आशेवर टाकलेल्या वस्तू आमचं काम अवघड करतात. तेलकट खोक्याने शेजारचा चांगला कागद खराब होतो. दुकानातली गुळगुळीत पावती हा औष्णिक कागद असतो, त्यावर रसायनाचा थर असतो, ती रद्दीत नको. चमकदार पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं बहुतेक ठिकाणी परवडत नाही.

प्लास्टिकवरच्या त्रिकोणाबद्दल मोठा गैरसमज आहे. तो १९८८ साली सुरू झाला, आणि आतला १ ते ७ आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ती वस्तू पुनर्वापरात जाईलच असं तो सांगत नाही. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी आणि २ म्हणजे शाम्पू-डिटर्जंटच्या जाड डब्यांचं एचडीपीई, यांना सहसा मागणी असते. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्यातलाच. त्याला घेणारे फार कमी. ७ म्हणजे "इतर सगळं". तुमच्या भागात काय घेतात ते एकदा विचारून घ्या आणि त्याची यादी डब्यावर चिकटवा.

काच आणि ॲल्युमिनियम कितीही वेळा वितळवता येतात. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून एक डबीही वाया घालवू नका. पण ओव्हनमध्ये चालणारी काच बाटल्यांच्या काचेत टाकू नका, ती वेगळ्या तापमानाला वितळते. कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होतात, पाचसात फेऱ्यांनंतर ते निकामी. म्हणजे पाठकोऱ्या कागदावर आधी लिहिणं आणि मग रद्दीत देणं हेच बरोबर.

"बायोडिग्रेडेबल" लिहिलेले पेले आणि चमचे पीएलएचे (पिकांपासून बनवलेल्या एका प्लास्टिकचे) असतील तर ते घरच्या खतात कुजत नाहीत, त्यांना साठ अंशांच्या आसपासचा औद्योगिक प्रकल्प लागतो. आणि पीईटीमध्ये मिसळले तर तिथेही नुकसान करतात.

शेवटी एक कळकळीची विनंती. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर "काच" असं लिहा. सुया आणि ब्लेड झाकणाच्या कडक डब्यात बंद करा. हा माल माणसं हाताने निवडतात.

निर्झर

रानवाट, हा प्रतिसाद सगळ्यांनी वाचायलाच हवा. त्रिकोणाचं मला माहीत नव्हतं. डबे किती स्वच्छ धुवायचे तेही सांगाल का? पिण्याचं पाणी त्यात घालवणं जिवावर येतं.

रानवाट

चकचकीत नकोत. भांडी धुतलेल्या शेवटच्या पाण्यात एकदा खळबळून उलटे ठेवा, एवढं बास. डबा कोरडा आणि वास न येणारा असावा.

सुतळी

कापडी पिशवीबद्दल एक मुद्दा. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अभ्यासात निघालं होतं की हवामानाच्या दृष्टीने सुती पिशवी साध्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवायला आणि कापड विणायला बरंच काही खर्च होतं. म्हणजे कापडी पिशवी वाईट असं मुळीच नाही. घरात असलेली फाटेपर्यंत वापरावी, आणि प्रत्येक कार्यक्रमात वाटली जाणारी नवी पिशवी घेऊ नये. जुन्या चादरीची शिवलेली सगळ्यात उत्तम.

जुन्या सुती कपड्यांची फडकी केली की कागदी रुमालांची रीळं घरात येणंच थांबतं. उसवलेलं त्याच आठवड्यात शिवायचं. एकदा का कपडा "नंतर बघू"च्या गाठोड्यात गेला की परत येत नाही.

ओंजळ

न्हाणीघराचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते. तिथे वेगळा डबा नसल्यामुळे शाम्पूच्या बाटल्या, कागदाच्या नळ्या, खोकी सगळं एकत्रच जातं. तिथे सुक्याची एक छोटी टोपली ठेवली की काम होतं. द्रवरूप साबणाऐवजी वडी वापरली तर बाटली आणि तिचा पंप दोन्ही वाचतात. पंपात आत धातूची स्प्रिंग असते, तो पुनर्वापराला सहसा निरुपयोगीच.

मासिक पाळीचा कप मी बरीच वर्षं वापरतेय. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असतो, उकळून वापरायचा, नीट जपला तर १० वर्षांपर्यंत टिकतो. सगळ्यांना तो सोयीचा वाटत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. पाळी, बाळाचे लंगोट, आजारी माणसाची शुश्रूषा या बाबतीत कुणी कुणाला कमीपणा वाटायला लावू नये. घरी असताना कापडी आणि बाहेर जाताना तयार, असं अर्धंमुर्धं केलं तरी कचरा पुष्कळ कमी होतो. वापरलेलं पॅड किंवा डायपर मात्र गुंडाळून, खूण करून वेगळंच द्यावं. रानवाट यांनी वर लिहिलंय ते इथेही लागू आहे.

दीपमाळ

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याबद्दल थोडं. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. घराघरांतल्या खणांत पडलेले जुने फोन आणि वायरी आहेत त्या वेगळ्याच. फोन मंद झाला की कित्येकदा बॅटरी थकलेली असते. ती बदलली तर तोच फोन अजून दोनतीन वर्षं चालतो. विकत घेण्याआधीच विचारायचं: हे उघडता येतं का, सुटे भाग मिळतात का? फ्रान्सने २०२१ साली फोन, लॅपटॉप, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक केलं. निर्झर यांना हवे असलेले कायदे असेही असू शकतात.

बॅटऱ्या कधीही रोजच्या डब्यात टाकू नका. लिथियमची बॅटरी दाबली गेली किंवा तिची टोकं धातूला टेकली तर पेट घेते, कचऱ्याच्या गाड्यांना अशा आगी लागतात. टोकांवर चिकटपट्टी लावून बरणीत साठवा आणि संकलन केंद्रात द्या. फुगलेली बॅटरी घरात साठवूच नका. जुन्या सीएफएल दिव्यांत पारा असतो, तेही अख्खेच द्यायचे.

हिरवळ

एक अडचण. मला सगळं पटतं, पण घरातले बाकीचे कंटाळतात. सारखं सांगून वाद होतात. तुम्ही काय करता?

सांजवारा

सांगणं कमी करा आणि जागा बदला. ओल्याचा डबा जिथे भाजी चिरली जाते तिथे हाताशी, सुक्याचा त्याच्या शेजारी. एक ओट्याखाली आणि दुसरा दाराबाहेर असेल तर घाईतला माणूस जवळचाच वापरणार. त्यात त्याची चूक नाही, डब्याच्या जागेची आहे. आमच्या मुलांनी डब्यांवर चित्रं काढली, तेव्हापासून पाहुण्यांनाही विचारावं लागत नाही. आणि ज्या दिवशी कुणी चुकीच्या डब्यात टाकेल त्या दिवशी गप्प बसून उचलून ठेवा.

कवडसा

हिरवळ, मी एवढीच भर घालेन: जे काम ज्याला आवडतं ते त्याला द्या. आमच्याकडे एकजण खरेदीची यादी बघतो, एकीला खताचा डबा आवडतो, धाकट्याकडे बॅटऱ्यांची बरणी. सगळ्यांनी सगळं करायचा आग्रह सोडल्यावर कुरबुर थांबली.

हिरवळ

हे जमेल. शेवटचा प्रश्न: ओल्याच्या डब्याला आत पिशवी लावायची की नाही? न लावली तर तळ चिकट होतो.

मृद्गंध

पिशवी नको. प्लास्टिकच्या पिशवीतला ओला कचरा पुढे कुणालातरी हाताने बाहेर काढावा लागतो. तळाशी जुन्या वर्तमानपत्राच्या दोन घड्या ठेवा, रोज संध्याकाळी कागदासकट रिकामा करा, विसळा आणि रात्रभर उपडा घालून वाळू द्या. तो कागदही खतात जातो.